प्रोसेस मॅप तयार आहे, पण वेळ कुठे जातो ते त्यात दिसत नाही

नवशिका_बीए: पुरवठादाराचं बिल आल्यापासून पैसे सुटेपर्यंतच्या कामाची बीपीएमएनमध्ये (कामाचा ओघ ठरावीक चिन्हांनी दाखवायची प्रमाण पद्धत) आकृती काढली आहे. एकाच पानावर ६४ चौकटी, ५ लेन (विभागवार पट्टे), ११ गेटवे (वाटा फुटतात किंवा जुळतात ती ठिकाणं). सगळ्या विभागप्रमुखांनी 'बरोबर आहे' म्हटलं. एका बिलाला साधारण महिना लागतो, पण तो कुठे जातो हे आकृतीवरून कळत नाही. पुढची पायरी कोणती? आणि बीपीएमएन नेमकं किती शिकायचं? स्पेसिफिकेशन पाचशेहून जास्त पानांचं आहे.

चौकटराजा: सगळ्यांनी मान डोलावली, हीच धोक्याची खूण. विभागप्रमुख काम जसं व्हायला हवं तसं सांगतात. परत आलेलं बिल कुठे पडतं, हे ते हाताळणाऱ्यालाच ठाऊक असतं.

थोडं मागे जा आणि आधी 'केस', म्हणजे मोजायचं एकक, ठरवा: एक बिल, की एक खरेदी ऑर्डर? एका ऑर्डरवर तीन बिलं येत असतील आणि हे ठरलेलं नसेल, तर पुढची सगळी मोजदाद चुकते. मग सुरुवात आणि शेवट पक्का करा. 'बिल आलं' म्हणजे ईमेल पोहोचला तेव्हा, की सिस्टिममध्ये नोंद झाली तेव्हा? या दोन्हींमधले दिवस बहुतेक नकाशांतून गायबच असतात.

नंतर पूर्ण झालेली १५-२० बिलं काढा, निम्मी झटपट सुटलेली, निम्मी रखडलेली. एकेका बिलाचा माग काढत टेबलाटेबलावर जा. 'तुम्ही साधारण काय करता?' असं विचारलं तर नियमावली ऐकायला मिळते. 'हे बिल तुमच्याकडे कधी आलं, त्यात काय कमी होतं, तुम्ही कोणाला फोन केला?' असं विचारा.

६४ चौकटींचं म्हणाल तर वरच्या पातळीवर ७-८ ठेवा, बाकी उपप्रक्रियांत ढकला.

रांगेचा_हिशेब: आकृतीत वेळ दिसत नाही यात तुमची चूक नाही. १९४७ च्या एएसएमईच्या (अमेरिकेतली यांत्रिक अभियंत्यांची संस्था) प्रोसेस चार्ट मानकात पाच चिन्हं होती: क्रिया, तपासणी, वाहतूक, खोळंबा आणि साठवण. बीपीएमएनमध्ये ठरवून थांबायला टायमर आहे, पण बिल कोणाच्या तरी ट्रेमध्ये नुसतं पडून आहे, हे दाखवणारं चिन्हच नाही. ते पडून राहणं दोन चौकटींमधल्या बाणात लपतं. म्हणून प्रत्येक चौकटीवर दोन आकडे लिहा: हातातला वेळ आणि त्याआधी पडून राहिलेला वेळ.

समजा २२ कामाचे दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास. सगळ्या टेबलांवरचा हातातला वेळ मिळून १०० मिनिटं भरला, तर प्रत्यक्ष काम एक टक्क्याच्याही आत. अशा ठिकाणी डेटा एंट्री ऑटोमेट केली तरी १०० मिनिटांतलीच काही वाचतील, महिना महिनाच राहील.

आकडे ताडून पाहायला लिटलचा नियम वापरा (जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला): प्रलंबित संख्या = येण्याचा दर × लागणारा वेळ. १२० बिलं प्रलंबित आणि आठवड्याला ३० येतात नि तितकीच सुटतात, तर सरासरी ४ आठवडे. लोक 'दहा दिवस' सांगत असतील तर कुठलातरी आकडा खोटा आहे.

मग तीन जागा तपासा.

फेरकाम: तपासणीला २० मिनिटं, आणि दर खेपेला २५ टक्के बिलं परत येत असतील, तर २० ÷ ०.७५, म्हणजे प्रत्येक बिलामागे जवळपास २७ मिनिटं. परतीच्या वाटेवरचं पडून राहणं वेगळंच.

गठ्ठे: पेमेंट आठवड्यातून एकदाच निघत असेल आणि बिलं सारखी येत असतील, तर तिथेच सरासरी साडेतीन दिवस जातात. समान अंतराने दोनदा काढा, पावणेदोन होतात. नवं सॉफ्टवेअर लागत नाही. अनेकदा सगळ्यात स्वस्त सुधारणा इथेच सापडते.

भार: एकच मंजुरी देणारा असेल आणि बिलं अनियमित येत असतील, तर साध्या रांग-मॉडेलनुसार ८० टक्के भाराला (म्हणजे त्याचा ८० टक्के वेळ कामात) थांबणं कामाच्या वेळेच्या ४ पट, ९० ला ९ पट, ९५ ला १९ पट. 'माणूस रिकामा दिसता कामा नये' या हट्टाची ही किंमत.

टोकन_फिरवा: चिन्हांबद्दल. बीपीएमएन २.० जानेवारी २०११ मध्ये आलं, २०१३ पासून ते आयएसओ मानकही आहे. त्यातला बराचसा भाग सॉफ्टवेअरने आकृती थेट चालवण्यासाठी आहे. विश्लेषणाला टास्क, उपप्रक्रिया, सुरुवात-शेवट, फुलीचे गेटवे (अनेकांतली एकच वाट) आणि अधिकचे गेटवे (सगळ्या वाटा एकदम), टायमर, संदेश आणि पूल-लेन (पूल म्हणजे एका संस्थेची मोठी चौकट, लेन तिच्या आत) पुरतात.

चुका मात्र ठरलेल्या. आकृतीवर बोटाने एक टोकन, म्हणजे काम कुठवर आलं याची खूण, फिरवा म्हणजे सापडतील. फुलीच्या गेटवेने फाटलेल्या वाटा अधिकच्या गेटवेने जोडल्या, तर एकच टोकन येतं, जोडणारा गेटवे दुसऱ्याची वाट पाहत बसतो आणि काम तिथेच अडकतं. उलट केलं, म्हणजे अधिकने फोडून फुलीने जोडलं, तर पुढची चौकट दोनदा चालते. तुमच्याकडे ती 'पैसे पाठवणे' असेल. आलं ना लक्षात?

गेटवे निर्णय घेत नाही, तो फक्त वाट दाखवतो. आधी 'बिल ऑर्डरशी ताडून पाहणे' अशी चौकट हवी, मग 'रक्कम जुळली?' हा गेटवे. पुरवठादार वेगळ्या पूलमध्ये. दोन पूलमध्ये फक्त तुटक रेषेचा संदेश जातो, सलग बाण नाही. आणि '३ दिवसांत मंजुरी नाही तर आठवण' हा टायमर टास्कच्या कडेवर तुटक वर्तुळाचा काढा. सलग वर्तुळ काढलंत तर आठवण जाईल आणि मंजुरीचं कामच रद्द होईल.

नवशिका_बीए: सिस्टिममध्ये प्रत्येक टप्पा संपल्याची वेळ आहे, सुरू केल्याची नाही. चालेल?

रांगेचा_हिशेब: चालेल. बिल क्रमांक, टप्पा आणि वेळ हे तीन रकाने काढा आणि प्रत्येक बिलाच्या नोंदी वेळेच्या क्रमाने लावा. दोन नोंदींमधल्या फरकात काम आणि थांबणं एकत्र येतं. टप्प्यामागे २०-३० बिलांचा हातातला वेळ घड्याळ लावून मोजा आणि वजा करा. सरासरीवर थांबू नका, मध्यक (निम्मी बिलं ज्याच्या आत सुटतात तो वेळ) आणि ९०वा शतमक (९० टक्के बिलं ज्याच्या आत सुटतात तो) दोन्ही पाहा. तक्रारी येतात त्या शेपटीतल्या बिलांच्या.

विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी पाहा. एकाच मिनिटाला चाळीस मंजुऱ्या दिसल्या तर मंजुरी कागदावर आधीच झाली आहे, बटण नंतर दाबलं गेलं. आणि परत आलेल्या बिलावर जुनी वेळ पुसून नवी लिहिली जाते का, हे सिस्टिमवाल्यांना विचारा. तसं होत असेल तर फेरकाम नोंदीत दिसणारच नाही, ते हातानेच मोजावं लागेल.