ईव्ही बाईक, घोडबंदर ते महापे, फास्ट चार्जिंगचं काय?

घोडबंदरवाला: मंडळी, रोज कासारवडवली-महापे करतो. बॅटरी ४ युनिटची, सोबतचा चार्जर ७५० वॅटचा, म्हणजे फुल व्हायला सहा तास तरी गेलेच. मॉलमधल्या कारच्या सीसीएस२ (कारच्या फास्ट चार्जिंगचा प्लग) चार्जरला अडॅप्टर लावून चालेल का?

वाशीचा_पक्या: नको रे बाबा! कारची बॅटरी ३००-४०० व्होल्टची, तुझी बहुतेक ५०-७०ची, बरेचसे कारचे चार्जर तेवढ्या कमी व्होल्टेजला सुरूच होत नाहीत, मग अडॅप्टर काय कपाळाला लावणार? दुचाकीसाठी एलईसीसीएस कनेक्टर आहे, एथर या ई-स्कूटर कंपनीवाल्यांनी काढलेला, २०२३ला बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) स्टँडर्ड केला. आधी बाईकचं सॉकेट बघ.

खारघर_रायडर: आणि फास्ट मिळालं तरी ८० टक्क्यांनंतर स्पीड पडतोच, तिथेच काढ आणि निघ. मी तर रात्री सोसायटीतच लावतो, १६ अँपिअरचा पॉइंट घेतलाय. आधी जुन्याच ढिल्या सॉकेटला लावायचो, एकदा सकाळी बघतो तर प्लगची एक पिन काळी आणि प्लास्टिक वितळलेलं, सेक्रेटरीने वर मलाच झापलं.

घोडबंदरवाला: बापरे, माझंही सॉकेट हलतंय, आजच इलेक्ट्रिशियनला बोलावतो 😅