‘सुई नको, पट्टा नको, सगळं लेझरवर’: टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबा

पाना_पक्कड
परवा आपल्या इंदूरच्या गटात फिरलेली पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. ज्यांची सुटली त्यांच्यासाठी मासला: “तळहाताएवढा डबा, त्याला हवं ते मॉड्यूल लावा. ऑक्सिजन, ईसीजी, बीपी, साखर. सुई नको, पट्टा नको, सगळं लेझरवर. पेटंटचा अर्ज गेलाय, म्हणजे सिद्धच झालं. कॅटच्या गावात हे नाही तर कुठे होणार? पाच वर्षांत दवाखान्याची पायरी चढायला नको.” (कॅट म्हणजे आपल्या इंदूरचं सरकारी लेझर संशोधन केंद्र, आताचं आरआरकॅट.) खाली टाळ्या, हार, तिरंगे.

मी दवाखान्यांतली मशिनं दुरुस्त करून पोट भरतो. गप्प बसणार होतो. पण पोस्टच्या शेवटी ‘ज्यांना विज्ञान कळत नाही त्यांनी लांब राहावं’ असंही होतं, म्हणून हे लांबण.

अहो, यात लेझर आहे कुठे? बोटाला लावायच्या चिमट्यात दोन एलईडी असतात. एक लाल, 660 नॅनोमीटर तरंगलांबीची, दुसरी इन्फ्रारेड, 940 च्या आसपास. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. ठोक्यागणिक जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच हिशेबात धरायचा, हाडमांस आपोआप वजा. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, 1974 ची. घड्याळाच्या पाठीला लुकलुकतो तो हिरवा दिवाही एलईडीच.

आता ‘सुई नको’. अमेरिकेतल्या औषध-उपकरणांच्या नियामक संस्थेने, एफडीएने, फेब्रुवारी 2024 मध्ये लोकांना बजावलं की कातडी न टोचता स्वतःच साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही. प्रकाश टाकून साखर मोजायला निघालं की ग्लुकोजची खूण इतकी बारीक मिळते, की पाणी, चरबी आणि प्रथिनांच्या गर्दीत ती हरवते. ‘पट्टा नको’ म्हणाल, तर युरोपातल्या रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थेने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की कफशिवायच्या, म्हणजे दंडाला फुगणारा पट्टा न लावता मोजणाऱ्या, यंत्रांवर निदान आणि उपचार ठरवू नका.

आणि पेटंट! अर्ज म्हणजे अर्ज. पेटंटवाले कल्पना नवी आहे का ते बघतात. तुमचा डबा माझ्या आईचं बीपी 150 असताना 130 दाखवतो का, हे तपासणं त्यांचं काम नाही. ते औषध नियंत्रकाचं. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. त्या बाजूचा एक तरी कागद दाखवा, मग मीही टाळी वाजवतो.

भंवरकुआं_लॅब
मूळ पोस्ट माझी नाही, पण धंदा तोच आहे, म्हणून बोलतो. काका, तुम्ही जुनी मशिनं दुरुस्त करता, नवी आली की तुमच्या पोटात गोळा येणारच.

‘सगळं लेझरवर’ हे त्याने फेकलं, मान्य. पण तुम्ही एक वाक्य पकडून सगळं बुडवताय. खरा शोध मॉड्यूलमध्ये आहे. बॅटरी, पडदा, प्रोसेसर, रेडिओ हे एकदाच घ्यायचं, बदलायचा फक्त सेन्सर. महू-मानपूरकडच्या आशाताईंना पाच यंत्रं आणि पाच चार्जर वागवायला लावण्यापेक्षा एक डबा बरा की नाही? आणि प्रकाशातून निदान ही थाप नाही. डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारं ओसीटी 1991 मध्ये आलं, आज ते डोळ्यांच्या दवाखान्यांत रोजचं झालंय. अ‍ॅपलच्या घड्याळातल्या प्रकाशाने अनियमित ठोके पकडता येतात का, यावरचा अभ्यास 2019 मध्ये छापून आला. 4,19,297 लोक होते त्यात.

पाना_पक्कड
त्याच अभ्यासातला पुढचा आकडाही लिहा ना. त्यातल्या 0.52 टक्के लोकांना ‘ठोके अनियमित’ असा इशारा गेला. त्यांच्यातले ज्यांनी नंतर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांपैकी 34 टक्क्यांत खरोखर एफिब, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे बेताल ठोके, दिसलं.

भंवरकुआं_लॅब
एफिब येतं-जातं, काका. पट्टी लावली त्या आठवड्यात दिसलं नाही म्हणजे नव्हतंच, असं नसतं. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिलंत.

पाना_पक्कड
माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे का ते बघत होतो.

सुखनिवास_निवृत्त
त्या पोस्टवाल्याने कॅटचं नाव उगाच ओढू नये. पायाभरणी 1984 ची, इंडस-2 एवढा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गरगर फिरवून प्रखर प्रकाश काढणारं यंत्र, इथे उभा आहे, आणि गावाला अजून वाटतं की आत अणुबॉम्ब करून राहिलेत. रोगनिदानाचं कामही आहे. तोंडाचा कर्करोग लवकर ओळखण्याचं यंत्र तिथे झालं, त्याला नाव आहे ऑन्कोडायग्नोस्कोप. गालाच्या आत प्रकाश टाकायचा, पेशी स्वतःहून जो मंद उजेड परत देतात तो वाचायचा. बिघडलेल्या जागी त्या उजेडाचा रंग वेगळा पडतो. क्षयाचे जंतू थुंकीत शोधायला एलईडीवर चालणारं उपकरणही केलं. या शहरात गुटख्याने किती गाल सडलेत ते बघता पहिल्याची गरज मी सांगायला नको. एवढं करून ‘दवाखान्याची पायरी चढू नका’ असं तिथे कोणी म्हणालं नाही. शंकास्पद गाल दिसला की पुढे बायोप्सीच.

बारामती_ते_बियाबानी
लेझरचा विषय निघाला आणि बारामतीचं नाव कोणी घेतलं नाही, कमाल आहे! कार्बन डायऑक्साइड लेझर शोधणारे कुमार पटेल 1938 मध्ये बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 ला पदवी घेतली, आणि 1964 मध्ये बेल लॅब्जमध्ये तो लेझर केला. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, शरीरातलं पाणी तो प्रकाश चटकन शोषतं, म्हणून सर्जनच्या हाती आला. त्याच 1964 साली लेझरचं नोबेल टाउन्स, बासोव आणि प्रोखोरोव यांना. आपल्या माणसाला कधीच नाही. मराठी माणसाच्या वाट्याला हेच.

सुखनिवास_निवृत्त
पटेल मराठी कधी झाले?

बारामती_ते_बियाबानी
बारामतीत जन्मले, पुण्यात शिकले. आपण पाच पिढ्या इंदुरात पोहे-जिलेबी खाऊन मराठीच आहोत ना? मग ते का नाहीत?

भंवरकुआं_लॅब
भिया, मग चष्म्याचा नंबर घालवणारा लेझर रंगस्वामी श्रीनिवासन यांच्या नावावर लावा. 1981 मध्ये सणाचं उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेऊन एक्सायमर लेझरने कापून बघितलं, कडा न जळता स्वच्छ काप निघाला. आजची लॅसिक त्यावरच उभी आहे. आता त्यांनाही मराठी करून टाका.

नळबाजार_नव्हे_राजवाडा
हे सगळं सोडा, अन्नपूर्णा रोडवर ‘लेझरने मूळव्याध, टाका नाही, वेदना नाही’चे बोर्ड कोण उतरवणार ते सांगा. माझ्या मेव्हण्याने करून घेतलं. वेदना नाही म्हणे! तो अजून टायरच्या ट्यूबवर बसतो.

राजेंद्रनगरचे_नाना
तुम्ही शहाणे लोक नॅनोमीटर मोजत बसा. ज्याच्या अंगाला हे डबे लागतात त्याची दशा ऐका.

माझं वय 74. चिरंजीव पुण्यात. दिवाळीला त्याने असलाच जोडणीचा डबा आणला. बोटाला चिमटा, दंडाला पट्टा, छातीला चिकटपट्टी, सगळं त्याच्या मोबाइलवर दिसतं. डिसेंबरातली सकाळ, मी गार पाण्याने हात धुऊन पोह्यांवर शेव टाकतोय, तेवढ्यात फोन. “बाबा, ऑक्सिजन 91 का?” मी म्हटलं, पोह्यांवर जीरावन मसाला जास्त झाला म्हणून. तो हसला नाही. शेजारच्या पोराला पाठवलं, पोराने मला स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. तिथे हात गरम झाल्यावर 97.

आता रोजचं झालंय. रात्री बाथरूमला उठलो की ठोके वाढतात, ते पुण्यात दिसतात. परवा सराफ्यात रबडी खाल्ली, तर तासाभरात “बाबा, बाहेर काय खाल्लं?” हे निरीक्षण आहे की नजरकैद? पूर्वी पोरगा विचारायचा, कसे आहात. आता विचारत नाही. त्याला आकडा दिसतो.

पाना_पक्कड
नाना, गार बोटात रक्त कमी फिरतं, चिमट्याला ठोकाच नीट मिळत नाही. बोट चोळून, मिनिटभर स्वस्थ बसून मग वाचायचं. डब्यावर हे छापलेलं असतं, बारीक अक्षरांत. आणि खुद्द एफडीए म्हणतं की चिमटा 90 दाखवतो तेव्हा खरा आकडा 86 ते 94 मध्ये कुठेही असू शकतो.

टिळकनगरची_मुलगी
नाना, तुमचं वाचून वाईट वाटलं, पण रागही आला. तुमच्या मुलाच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे.

माझी आई टिळकनगरात एकटी राहते, मी बंगळुरूला. तिला विचारलं, कशी आहेस, तर एकच उत्तर: मजेत. पाय सुजले तरी मजेत, दोन रात्री झोप नाही तरी मजेत. तिच्या डब्यातल्या ईसीजीच्या मॉड्यूलने ठोके अनियमित असल्याची पट्टी पाठवली. डॉक्टरांनी पूर्ण ईसीजी काढला, एफिब निघालं, रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. डबा नसता तर तिने मला सांगितलं असतं? अजिबात नाही. तुम्हाला आकडा बघितलेला आवडत नाही, तर खरं सांगत चला. आम्ही इथे मीटिंगमध्ये बसून मरतो.

राजेंद्रनगरचे_नाना
मरत असाल तर या इकडे. कोणी बोलावलं होतं बंगळुरूला?

टिळकनगरची_मुलगी
तुम्हीच. ‘इंदुरात काय ठेवलंय, बाहेर जा’ हे तुमच्याच पिढीचं वाक्य. शाळेचं बक्षीस मिळालं की आधी हेच ऐकायचो.

राजेंद्रनगरचे_नाना
बक्षिसाबरोबर पेढेही वाटले होते, ते विसरलात.

बारामती_ते_बियाबानी
नाना, शांत व्हा, ठोके पुण्यात दिसतील.

डॉ_एमजी_रोड
एक-दोन गोष्टी, मग ओपीडी आहे. टिळकनगरच्या ताई, आईचं निदान झालं, छान झालं. पण एका लीडच्या, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणाऱ्या, पट्टीने हृदयविकाराचा झटका नाही असं समजू नका. बरेच झटके त्यात दिसत नाहीत. छातीत दुखलं की डबा बाजूला ठेवा आणि गाडी काढा.

दुसरं. डिसेंबर 2020 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं होतं की हे चिमटे सावळ्या-काळ्या कातडीवर खरा ऑक्सिजन कमी असताना जास्त दाखवतात. कृष्णवर्णीय रुग्णांत ही चूक गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट. आपल्या गावात कोण गोरं आहे ते आरशात बघा. नवा डबा घेऊन कोणी आलं की मी आधी हेच विचारतो, कोणाच्या बोटांवर तपासला?

भंवरकुआं_लॅब
आमचा आमच्याच टीमवर तपासलाय. हसू नका, सुरुवात अशीच होते. पुढचा टप्पा रुग्णालयात आहे.

आणि नानांचा प्रश्न डब्याचा नाही, ठरवलेल्या रेषेचा आहे. 91 आला की लगेच फोन, ही सेटिंग चिरंजीवांनी केली. तीनदा सलग कमी आला तरच कळवायचं, असं करता येतं. माणूस घाबरट असेल तर सेन्सरचा काय दोष?

पाना_पक्कड
हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. पण ती सेटिंग मेनूत पाचव्या पानावर लपलेली असते, आणि डबा दुकानातून येतो तेव्हा घाबरटच असतो. कोणी ठेवला तसा?

आता माझं खरं दुखणं सांगतो. मॉड्यूल म्हणे स्वस्त पडतं. माझ्याकडे एका छोट्या नर्सिंग होममधून असा संच आला. चार मॉड्यूल धडधाकट, मधल्या डब्याची चार्जिंगची खोबण सैल. कंपनीने तो नमुना बंद केलाय, नव्या डब्याच्या पिना वेगळ्या, आणि अ‍ॅप नव्या फोनवर उघडत नाही. म्हणजे चार चांगले सेन्सर कपाटात. जुना पाऱ्याचा बीपी मीटर असता तर नळी बदलून दिली असती. घरगुती आरोग्ययंत्रांनी एकमेकांशी बोलायची मानकं आहेत, आयईईई 11073 नावाने, ब्लूटूथमध्येही त्यांची सोय आहे. पण ती पाळली तर गिऱ्हाईक दुसऱ्याचं मॉड्यूल लावेल ना! शोध लावायचाच असेल तर असा लावा की याचा चिमटा त्याच्या डब्याला बसेल. त्याला लेझर लागत नाही, नियत लागते.

भंवरकुआं_लॅब
नियत आमच्याकडे आहे, गुंतवणूकदाराकडे नाही. तो पहिल्या बैठकीत विचारतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून काय केलंय? मानक पाळलं म्हटलं की चहासुद्धा अर्धा ठेवून उठतो. आणि तुम्ही पेटंटला हसता, पण आपल्या कायद्याच्या कलम 3(i) खाली निदानाच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही. यंत्राला मिळू शकतं. मग लोक खोबणीवर पेटंट काढतात. दोष आमचाच का?

सुखनिवास_निवृत्त
हे मात्र बरोबर बोलला पोरगा. सरकारी पैशाने झालेलं तंत्रज्ञानसुद्धा कंपनीने उचलल्याशिवाय गल्लीत पोचत नाही.

पाना_पक्कड
बरं, खोबणीची अर्धी शिवी गुंतवणूकदाराला. अर्धी तुमच्याकडेच.

राजेंद्रनगरचे_नाना
भांडण चालू द्या, माझं एक काम करा. मुलगा ओरडतो की बीपी 158, आणि आमच्या डॉक्टरांकडे 140 येतं. पट्टा लावताना ओढूनताणून बसवावा लागतो. डबा खोटा की डॉक्टर?

पाना_पक्कड
पट्टा. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. डब्याबरोबर बहुधा 22 ते 32 सेंटिमीटरचा कफ येतो, कफवर छापलेलं असतं. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा चढाच येतो. पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. आणि बोलायचं नाही.

राजेंद्रनगरचे_नाना
टेप सौ.च्या शिवणाच्या डब्यात होती. 35 भरला. न बोलण्याचं जमणार नाही, बाकीचं करतो.

टिळकनगरची_मुलगी
नाना, हे मुलाला कळवा. तो उगाच गोळी वाढवायला डॉक्टरांच्या मागे लागला असेल.

राजेंद्रनगरचे_नाना
लागलाच आहे. कळवतो. फोन त्याने केल्यावर.

भंवरकुआं_लॅब
नाना, मोठा कफ आमच्याकडे वेगळं मॉड्यूल म्हणून मिळतो, 32 ते 42 चा. हेच तर मी मघापासून सांगतोय, डबा तोच, पट्टा बदला.

पाना_पक्कड
नानांच्या डब्याला बसेल?

भंवरकुआं_लॅब
आमच्याच डब्याला बसतो. सध्या.