दहा बाय चौदाचा हॉल आणि पाच स्पीकर: तुमचे अनुभव सांगा

सुरुवात मीच करतो. मुलुंड पूर्व, वन बीएचके, हॉल १० बाय १४. सांगताना ऐसपैस वाटतो. पण एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, समोर मुख्य दरवाजा, तिसरीकडे बेडरूमचं दार आणि स्वयंपाकघराचा पॅसेज. भिंत म्हणावी अशी एकच उरते, तिच्यावर टीव्ही आणि कोपऱ्यात देव्हारा. दिवाळीत बोनस हातात आला आणि ५.१ चा होम थिएटर सेट उचलून आणला. पाच स्पीकर, एक सबवूफर (बेसचा, म्हणजे खालच्या जड आवाजाचा डबा), एक अँप्लिफायर. खोकी तीन आठवडे दिवाणाशेजारी उभी आहेत. बाबा रोज त्यांना ठेचकाळतात आणि रोज विचारतात, "हे परत घेतात का रे?"

मॉडेल नंबर नकोत, ते दुकानदार सांगतोच. तुमच्या हॉलचं काय झालं ते सांगा. कुठे ठेवलंत, घरात कोण काय बोललं, कशावर पैसे वाया गेले. सगळं चालेल.

गिरगाव, चाळीतली दुहेरी खोली

तुमचा १० बाय १४? आमच्याकडे १० बाय १०, त्यातच मोरी. २००३ साली लॅमिंग्टन रोडवरून डीव्हीडीवाला सेट आणला होता. खोक्यावर ठळक ५००० वॅट पीएमपीओ. घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली तर आरएमएस ४० वॅट. पीएमपीओ म्हणजे लवंगी फुटताना होणारा आवाज, आरएमएस म्हणजे माणूस दिवसभर बोलतो तो. खोलीला ४० सुद्धा जास्तच होते म्हणा.

मागचे दोन स्पीकर पोटमाळ्याच्या कडेला सुतळीने बांधले. सबवूफर वाजला की मांडणीवरची स्टीलची ताटं गायला लागायची. हाणामारीच्या सिनेमात तर ताटंच जास्त ऐकू यायची. आईने शेवटी दोन-दोन ताटांच्या मधे जुन्या साडीच्या पट्ट्या घातल्या. लाकडी पार्टिशनपलीकडच्या काकांनी कधी तक्रार केली नाही, कारण ते आमच्याच खोलीत बसलेले असायचे.

एक गोष्ट वडिलांकडून शिकलो, ती सांगून ठेवतो. आठवडाभर आवाज पोकळ येत होता, डायलॉग नेमका कुठून येतोय ते कळेना. वडील गिरणीत वायरमन. त्यांनी वायरी अँप्लिफायरमधून काढल्या आणि एक पेन्सिल सेल क्षणभर टेकवला. सेलचा प्लस लाल टोकाला लावला की स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर यायला हवा. पुढच्या दोघांपैकी एकाचा आत जात होता. लाल-काळी उलटी जोडली होती, एवढंच. एक बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, मग बेस आपसातच खलास होतो. मुलुंडकर, आधी हे तपासा.

चेंबूर

माझं सगळं भांडण सबवूफरशी. त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिल्या दिवशी मी तो कोपऱ्यात ठेवला, कारण कोपराच रिकामा होता. सोफ्यावर बसलो तर काही सूर अंगावर यायचे आणि काही गायब. ढोल वाजला की घूंऽऽ असा लांबत राहायचा. मला वाटलं पीस खराब आहे, दुकानदाराशी वाद घातला, दुसरा आणला. तोही तसाच.

मग हिशेब मांडून बसलो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. खोलीची १० फूट रुंदी म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी लहर बरोब्बर बसते तो सूर ५६ हर्ट्झच्या आसपास. १४ फुटांच्या दिशेने तोच हिशेब ४० हर्ट्झ सांगतो. म्हणजे ढोल आणि स्फोट जिथे वाजतात, तिथेच आपली खोली स्वतः घुमते. हे सूर भिंतीपाशी फुगतात आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ मरतात. आणि मुंबईत सोफा कुठे असतो? भिंतीला टेकून. दुसरीकडे ठेवला तर माणसं चालणार कुठून?

उपाय ऐकून हसाल. सबवूफर सोफ्यावर, म्हणजे आपल्या डोक्याच्या जागी ठेवायचा. एखादं संथ बेस असलेलं गाणं लावायचं आणि आपण रांगत खोलीभर फिरायचं. जिथे बेस सारखा आणि साफ ऐकू येईल तिथे सबवूफरची कायमची जागा. बायको ऑफिसात, मुलगा शाळेत, म्हणून दुपारी दार लोटून हे सुरू केलं. सोफ्यावर काळा डबा आणि त्याच्यासमोर मी चार पायांवर, अशा अवस्थेत सासूबाई आत आल्या. काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या. संध्याकाळी बायकोला हळूच विचारत होत्या, "यांचं ऑफिसात सगळं ठीक आहे ना?"

जागा सापडली ती चपलांच्या रॅकशेजारी. तिथे तो अजून आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून टीव्हीजवळच हवा असं नाही. जिमच्या रबर मॅटचे दोन तुकडेही खाली घातले, त्याआधी खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन विचारून गेले होते, "पिठाची गिरणी टाकलीत का?" रबरने लादीतून जाणारी धडधड कमी झाली. हवेतून जाणारा बेस मात्र रबर अडवत नाही, त्याला एकच इलाज, आवाजाची खुंटी. रात्री १० नंतर मी तो बंदच ठेवतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. आजोबांना आकडे पाठ आहेत.

अंधेरी, भाड्याचं घर

अकरा महिन्यांचा करार, मालकाची पहिली अट: भिंतीला खिळा नाही. म्हणून साउंडबार, टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर. जोडला, आवाज नाही. तीन दिवस केबल बदलत होतो. शेवटी कळलं, टीव्हीच्या एचडीएमआयच्या तीन भोकांपैकी एकावरच बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं असतं आणि टीव्हीचा आवाज बाहेर जातो तो फक्त त्यातून. भिंतीवरच्या टीव्हीमागे मोबाइलचा टॉर्च घालून वाचावं लागतं. सेटिंगमध्ये जाऊन सीईसी (जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू केलं, मग एकाच रिमोटवर दोन्ही.

साधं एआरसी असेल तर ओटीटीवरचं दाबलेलं अ‍ॅटमॉस (आवाज डोक्यावरूनही येतोय असं भासवणारी पद्धत) त्यातून जातं. ब्लू-रेवरचं पूर्ण हवं असेल तर ई-एआरसी लागतं. जुन्या ऑप्टिकल केबलमधून ५.१ जातं, अ‍ॅटमॉस नाही. आणि ब्लूटूथने जोडून ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे असा सिनेमा बघायची हौस असेल तर तोही पर्याय आहेच.

दादर पश्चिम

इथे सगळे बेसबद्दल बोलताहेत. आमच्याकडे प्रश्न वेगळा होता. सासूबाई ७८ वर्षांच्या, संध्याकाळी सातपासून मालिका. नवऱ्याने हौसेने सेट बसवला आणि पहिल्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पावसाचा आवाज छान येतो गं, पण ही बाई काय म्हणते ते कळत नाही."

नवऱ्याचं उत्तर: आवाज वाढव. वाढवला की पार्श्वसंगीताने घर दणाणायचं, मग कमी करा, मग परत शब्द जायचे. रिमोट हातातून खाली ठेवता येईना. शेवटी मीच लक्ष घातलं. डायलॉग येतो मुख्यतः मधल्या, सेंटर स्पीकरमधून. आमचा शोकेसच्या खणात, आत ढकललेला, पुढे गणपतीची मूर्ती आणि लग्नाचा फोटो. माणूस मडक्यात तोंड घालून बोलतोय असं वाटायचं. मूर्ती वरच्या खणात हलवली, फोटो बेडरूममध्ये (नवऱ्याने दोन आठवड्यांनी विचारलं, कुठे गेला म्हणून). स्पीकर खणाच्या कडेपर्यंत पुढे ओढला आणि खाली खोडरबराचे दोन तुकडे घालून तोंड वर, बसणाऱ्याच्या कानाकडे केलं. मग अँप्लिफायरच्या मेनूमध्ये फक्त सेंटरचा आवाज ३ डेसिबल चढवला आणि नाइट मोड लावला. नाइट मोडमध्ये मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात. रात्रीच नाही, दिवसभर तोच लावून ठेवलाय.

अजून एक. आमची लादी व्हिट्रिफाइड, भिंती उघड्या, पडदे पातळ. हॉलमध्ये मधोमध उभं राहून टाळी वाजवली की झ्झिंग असा आवाज मागे राहायचा. तो प्रत्येक शब्दाला चिकटतो. सोफ्यापुढे जाड सतरंजी टाकली, खिडकीला जाड पडदे शिवले. स्पीकरच्या किमतीपुढे पडदे काहीच नाहीत, पण फरक पडद्यांनी पडला. नवरा हे मान्य करत नाही.

भांडुप, नवा टॉवर

वायरींचं कुणी लिहिलं नाही. आमच्या इमारतीच्या भिंती विटांच्या नाहीत, मायवानच्या आहेत, म्हणजे साच्यात ओतलेलं काँक्रीट. वायरमन आला, ड्रिल लावलं, दोन बिट जळाले, भिंतीला टिकलीएवढं भोक. म्हणाला झिरी मारून वायर आत घेऊ. सोसायटीने ताबडतोब थांबवलं, आणि बरोबरच केलं. ती भिंत इमारतीचा भार घेते, तिला झिरी मारायची नसते. शेवटी स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी फिरवली आणि भिंतीच्या रंगात रंगवली. आता पट्टी कुठे आहे ते मलाच शोधावं लागतं.

इंटिरियरचं काम चालू असेल तर फॉल्स सीलिंगच्या आधी वायर ओढून ठेवा. शुद्ध तांब्याची, दीड स्क्वेअर एमएम पुरते. नंतर सुचलं तर केसिंग पट्टी आहेच.

माहीम, समुद्राकडे तोंड

पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर स्पीकर टांगू नका. जुलैत ओल येते. आमचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) डबा खालून पावासारखा फुगला. उघड्या तांब्याला हिरवं चढतं, दरवर्षी पाऊस संपला की टोकाची इंचभर वायर कापतो आणि नवीन सोलून लावतो. एका जुन्या स्पीकरच्या कोनभोवतीची फोमची कड बोट लावताच भुगा झाली. नवीन घेताना कड रबराची आहे का ते बघितलं.

एक वायर उंदराने खाल्ली. त्याला समुद्र जबाबदार नाही.

करी रोड

खिडकीतून रूळ दिसतात. फास्ट गेली की डायलॉग गेला. आम्ही सगळे सबटायटल वाचतो. बाकी सेट उत्तम आहे.

बोरिवली

मी शहाणपणा करून प्रोजेक्टर घेतला. १०० इंची पडद्याची रुंदी सव्वासात फूट, माझ्या प्रोजेक्टरला त्याच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे जवळजवळ ११ फूट. हॉल १३ चा, हिशेब बसला. मागच्या भिंतीवर उंच फळी ठोकली, पांढऱ्या भिंतीवर चित्र सोडलं. नायकाच्या डोक्यावरून सावली फिरायला लागली. गर्रर्र, गर्रर्र. पंखा! फळी आणि भिंतीच्या बरोबर मधोमध. पंखा बंद करून मे महिन्यात अडीच तासांचा सिनेमा बघून दाखवा कुणीतरी.

फळी खाली आणली तर सोफ्यावरच्या माणसाचं डोकं चित्रात यायचं. शिवाय बाल्कनीच्या काचेतून उजेड, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पडद्यावर फक्त धुकं. वर्षभराने विकला. आता ५५ इंची टीव्ही, सात फुटांवरून. तक्रार नाही.

जाता जाता: वर तोंड करून छतावरून आवाज परतवणारे अ‍ॅटमॉसचे स्पीकर घेणार असाल तर आधी मान वर करा. त्यांना सपाट, टणक छत लागतं. आमच्या छताला मधे बीम, एक पंखा आणि पीओपीची तीन पायऱ्यांची नक्षी. आवाज गेला कुठे हे कंपनीच्या माणसालाही सांगता आलं नाही.

चेंबूर, पुन्हा

मुलुंडकर, एक राहिलं. "मागचे" स्पीकर मागे लागतात हा गैरसमज आहे. ५.१ मध्ये त्यांची जागा समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर असते, म्हणजे जवळजवळ कानाच्या बाजूला, जरासे मागे. सोफा भिंतीला टेकलेला असला तरी जमतं. दोन्ही बाजूंना भिंत मात्र हवी.

मुलुंड पूर्व, धाग्याची सुरुवात करणारा

तीच तर नाही! एका कानाकडे बेडरूमचं दार उघडतं, दुसरीकडे बाल्कनी.

रविवारी मनावर घेतलं. आधी पेन्सिल सेल, सगळे कोन बाहेर आले, गिरगावकरांना धन्यवाद. सेंटर टीव्हीखाली, कडेपर्यंत पुढे. त्यासाठी सेट-टॉप बॉक्स बाजूला सरकवावा लागला. डावा-उजवा टीव्हीच्या दोन्ही बाजूंना. उजव्याशेजारी देव्हारा, तो एक फूट सरकवू का असं विचारून बघितलं, उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. सबवूफरसाठी रांगलो. आई घरात होती, पण तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनेच सोफ्याच्या डाव्या हाताशी बोट दाखवून म्हटलं, "इथे बरा वाटतोय." तिथेच ठेवला.

म्हणजे तूर्तास ३.१ झालं. बाबांना बातम्या स्पष्ट ऐकू येतात, ते परत करायचं म्हणत नाहीत. मागचे दोन खोक्यातच आहेत. खोकं सोफ्यासमोर आडवं ठेवलंय, त्याच्यावर बाबांचा चहा.