वजन ९८ किलो: प्रोटीन किती, पावडर लागेल का?

राजारामपुरीकर: उंची १६५ सेमी. जिमवाला रोज २०० ग्रॅम प्रोटीन सांगतोय. एवढं लागतं?

पांढरा_रस्सा: नाही हो. लठ्ठपणात हिशोब आजच्या नव्हे, गाठायच्या वजनावर करतात. ७० किलो धरा, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ८४ ते १०५. तीन जेवणांत विभागा. एका अंड्यात ६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरड्या सोयाचंक्समध्ये २५. दूधकट्ट्यावर मिळणाऱ्या म्हशीच्या पाव लिटर दुधात ९, पण फॅट १५च्या वर. आणि तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून प्रोटीन मिळत नाही. ते मटणाच्या पीसमध्ये, रश्श्यात तवंग!

डाएटवाली: पावडरनं चरबी वितळत नाही. ३० ग्रॅम व्हेमध्ये (दुधाच्या निवळीपासूनची प्रोटीन पावडर) साधारण २४ ग्रॅम प्रोटीन, १२० कॅलरी. जेवण तेवढंच ठेवून वर ती घेतली तर वजन वाढणारच. मास गेनर (वजन वाढवायची पावडर) नकोच, त्यात बहुतांश कार्ब. फॅट बर्नरमध्ये बऱ्याचदा कॅफिन असतं. बीपीवाल्यांनी लांब राहावं. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, त्यावरून किडनीचं काम कळतं. किडनीचा त्रास असेल तर हा सगळा हिशोब डॉक्टरांकडूनच.

राजारामपुरीकर: पोट साफ होत नाही, इसबगोल चालेल?

डाएटवाली: एक चमचा, भरलेल्या ग्लासात, ढवळून लगेच प्या. पाणी कमी पडलं तर घशातच फुगतं. थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा.