पायथन पहिल्यांदा बसवताना कुठे अडतं? खान्देशकरांनो, लिहा

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. तिची पहिली ओळ लिहायच्या आधीच बरीच मुलं अडकतात. नेमकं काय बिघडतं आणि कशाने सुटतं, तेवढं लिहा.

जळगाव
विंडोजवर इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर तळाला पाथचा चौकोन असतो, रिकामा. पाथ म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांची यादी. त्यावर टिक करूनच पुढे जा. राहून गेलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी) 'पायथन' (python) टाकल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि पोरं सगळं काढून परत बसवत बसतात. गरज नसते. 'पीवाय' (py) ही दोनच इंग्रजी अक्षरं टाका, बहुतेक वेळा चालतं. कायमचं करायचं तर इन्स्टॉलर पुन्हा उघडा, मॉडिफाय, दुसऱ्या पानावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सला टिक. मग कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही.

धुळे
मशीनवर विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढचं पायथन बसतच नाही. उगाच नवं उतरवू नका.

चोपडा
सातपुड्याकडच्या गावांत रेंज टिकत नाही, म्हणून लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) पेनड्राइव्हवरून न्या. ती उतरवायचं, बसवायचं साधन म्हणजे पिप. नेट असेल तिथे 'पिप इन्स्टॉल'ऐवजी 'पिप डाउनलोड' चालवा, सगळ्या फाइली एका फोल्डरात येतात. गावी बसवताना 'नो-इंडेक्स' (--no-index) आणि 'फाइंड-लिंक्स' (--find-links) हे दोन पर्याय देऊन त्याच फोल्डरकडे बोट दाखवा. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती एकच हवी, ३२ की ६४ बिट तेही जुळायला हवं. नाहीतर सगळी खेप फुकट.

भुसावळ
वर्डमध्ये टाइप केलेला कोड चिकटवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि पायथन 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' म्हणतं. मित्राला पाठवायचा तर फाइलच पाठवा. आणि फाइलचं नाव 'रँडम' ठेवू नका. इम्पोर्ट करताना, म्हणजे तयार कोड आपल्या कोडमध्ये आणताना, पायथनच्या खऱ्या रँडमऐवजी तुमचीच फाइल उचलली जाते.

शहादा
केळीच्या वजनाचा हिशोब करून बघा. 'इनपुट'ने, म्हणजे वापरणाऱ्याकडून टाइप करून, घेतलेलं २५ हा आकडा नसतो, मजकूर असतो. त्याला ३ ने गुणलं की ७५ नाही, २५२५२५ येतं. आधी 'इंट'मध्ये (मजकुराचा पूर्णांक करणारा हुकूम) घाला. गंमत म्हणजे 'इंट'ला मराठी आकडेही कळतात, पण कोडमध्ये थेट लिहिलेला मराठी आकडा चालत नाही. तिथे इंग्रजीच हवा. व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नाव मात्र 'वजन' असं मराठीत खुशाल ठेवा.