कॉम्प्युटरचा फॅन अर्धा सेकंद फिरून बंद पडतो त्याबद्दल

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटरचं बटण दाबलं की फॅन अर्धा सेकंद फिरतो आणि सगळं बंद, म्हणून पीएसयू (सगळ्या भागांना वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा) बदलायच्या विचारात आहात. थांबा जरा, लगेच बदलू नका. फॅन हलतोय म्हणजे पीएसयू चालू होतोय, पण बहुतेक कुठेतरी शॉर्ट दिसतोय म्हणून स्वतःला वाचवायला बंद होतोय.

मी स्वतः जोडलेल्या पहिल्या कॉम्प्युटरला अगदी हेच झालं होतं, दोन दिवस झोप नाही, शेवटी कळलं की कॅबिनेटमध्ये एक स्टँडऑफ (मदरबोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा धातूचा खुंट) जास्तीचा लागला होता, बोर्डाला तिथे भोकच नव्हतं आणि तो मागून सोल्डरला टेकत होता. त्यामुळे आधी प्लग काढा, बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, फक्त सीपीयू, कूलर आणि एकच रॅम लावा, २४ पिनची केबल आणि सीपीयूजवळची ८ पिनची १२ व्होल्टवाली, दोन्ही क्लिक होईपर्यंत दाबा. मग प्लग परत लावून बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर एकमेकींना जोडा. चालू राहिला तर दोष कॅबिनेटच्या बाजूला किंवा काढून ठेवलेल्या एखाद्या वस्तूत, मग एकेक वस्तू परत जोडत जा.

आणि हो, पीएसयू मॉड्युलर (केबली सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्या पीएसयूच्या केबली अजिबात वापरू नका!! पीएसयूकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, केबल बसते बरोबर पण व्होल्टेज भलत्याच पिनेवर जाऊन हार्डडिस्क जळू शकते.

पीएसयू उघडून मात्र बघू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.