मदत हवी आहे: पीएएसपी (फुप्फुसाच्या धमनीतला दाब) ७५ वरून ५८ वर आला, पण पेशंटला दम जास्त लागतोय. कशावर भरवसा ठेवायचा?

केजकर_डॉ

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस आहे. पल्मोनरी हायपरटेन्शनच्या एका पेशंटबद्दल विचारायचं आहे.

स्त्री, वय ३८. उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन (नळी घालून दाब मोजणं) पुण्यात वर्षापूर्वी झालं. निदान पल्मोनरी आर्टेरियल हायपरटेन्शन (फुप्फुसाच्या धमन्यांच्याच आजाराने होणारा प्रकार). व्ही/क्यू स्कॅनमध्ये (फुप्फुसातली हवा आणि रक्तपुरवठा दाखवणारा) जुन्या गुठळ्या नाहीत, झडपा ठीक, फुप्फुसं ठीक. सिल्डेनाफिल (फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या सैलावणारं) २० मिग्रॅ दिवसातून तीनदा आणि टॉर्सेमाइड (लघवी वाढवणारं) १० मिग्रॅ चालू आहे. दर तीन महिन्यांनी पुण्याला जाणं घरच्यांना परवडत नाही, त्यामुळे मधला फॉलोअप माझ्याकडे.

आठ महिन्यांपूर्वी (पुणे): फंक्शनल क्लास (रोजच्या कामात किती दम लागतो त्याची प्रत, १ ते ४) २, सहा मिनिटांची चाल ४१० मीटर, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) ४८०. इकोत टीआर व्हेलॉसिटी (ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग) ४.१, पीएएसपी ७५, टॅप्सी (उजव्या जवनिकेच्या आकुंचनाचं माप) १७ मिमी, उजव्या कर्णिकेचं (हृदयाच्या वरच्या कप्प्याचं) क्षेत्रफळ २१ चौ. सेंमी.

गेल्या आठवड्यात (इकडे): चाल ३३० मीटर, एनटी-प्रोबीएनपी १०२०, क्रिएटिनिन ०.९, हिमोग्लोबिन ९.४, बीपी १०४/७०, नाडी ९८, ईसीजीत ऱ्हिदम नियमित. इकोत टीआर व्हेलॉसिटी ३.७, पीएएसपी ५८, टॅप्सी १३, कर्णिका २७, आयव्हीसी (हृदयाला रक्त आणणारी पोटातली मोठी शीर) २३ मिमी.

इकोच्या रिपोर्टखाली ‘दाब सुधारला आहे’ असा शेरा आहे. घरचे खूश आहेत. मला पेशंट बरी वाटत नाही. पुन्हा कॅथेटरायझेशन न करता, इथे होणाऱ्या तपासण्यांवरून पुढचा धोका किती नेमका सांगता येतो?

दुसरा प्रश्न: चुलीच्या धुराने सीओपीडी झालेल्या बाया, टीबी बरा होऊन फुप्फुस आकसलेले पेशंट, माइट्रल स्टेनोसिस (डावी झडप अरुंद होणं), अशा सगळ्यांच्या इकोवर ‘पीएच’ (पल्मोनरी हायपरटेन्शन) लिहून येतं. त्यांनाही हेच निकष लावायचे का?

बिंदुसरा

डॉक्टर, तुमचा संशय बरोबर आहे. आधी हिशेब मांडू.

फॉलोअपसाठी २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याच्या चार पायऱ्यांची पद्धत आहे. तीनच गोष्टी लागतात, तिन्ही तुमच्याकडे होऊ शकतात.

फंक्शनल क्लास: १ किंवा २ असेल तर १ गुण, ३ ला ३, ४ ला ४.
चाल: ४४० मीटरच्या वर १ गुण, ३२० ते ४४० ला २, १६५ ते ३१९ ला ३, १६५ च्या खाली ४.
एनटी-प्रोबीएनपी: ३०० च्या खाली १ गुण, ३०० ते ६४९ ला २, ६५० ते ११०० ला ३, त्यावर ४.

बेरजेला तीनने भागायचं आणि जवळच्या पूर्णांकावर आणायचं. आठ महिन्यांपूर्वी १ + २ + २ = ५, भागिले ३ म्हणजे १.६७, म्हणून पायरी २. आत्ताचा क्लास ३ धरला तर ३ + २ + ३ = ८, म्हणजे २.६७, म्हणून पायरी ३. दुसऱ्या पायरीवर वर्षभरातल्या मृत्यूचं प्रमाण साधारण २ ते ७ टक्के, तिसरीवर ९ ते १९ टक्के. हे आकडे गटाचे आहेत. नातेवाइकांना सांगताना ‘तुमच्या पेशंटला एवढे टक्के’ असं म्हणू नका.

दाबाचा आकडा या हिशेबात नाही, आणि त्याला कारण आहे. उजवी जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) थकली की तिला दाब तयार करता येत नाही, मग पीएएसपी आपोआप उतरतो. टॅप्सी खाली आणि दाबही खाली, याला सुधारणा म्हणत नाहीत.

पण तुमच्या पेशंटची तिसरी पायरी एनटी-प्रोबीएनपीवर टेकली आहे. तो ६५० च्या खाली असता तर बेरीज ७, भागाकार २.३३, आणि ती दुसऱ्याच पायरीवर राहिली असती. म्हणून रक्त कोणत्या परिस्थितीत घेतलं ते आधी सांगा. आणि क्लास तुम्ही लिहिलेलाच नाही, तो कसा ठरवलात?

प्रतिध्वनी

इकोबद्दल मी बोलतो. ७५ आणि ५८ यांची तुलनाच चुकीची आहे.

पीएएसपी म्हणजे टीआर व्हेलॉसिटीच्या वर्गाची चौपट, अधिक कर्णिकेतला दाब. पहिल्या वेळी ४.१ चा वर्ग १६.८, चौपट ६७, त्यात ८ मिळवून ७५. या वेळी ३.७ चा वर्ग १३.७, चौपट ५५, त्यात ३ मिळवून ५८. पण आयव्हीसी २३ मिमी आहे! २१ च्या वर असून जोरात नाकाने श्वास ओढल्यावर निम्म्याहून कमी आकसत असेल तर ३ नाही, १५ मिळवायचे. म्हणजे ७०. ३ हा आकडा मशीनमध्ये आधीच भरलेला असावा, तो कुणी बदललेला दिसत नाही.

याचा फटका पुढे बसतो. टॅप्सी भागिले पीएएसपी हे गुणोत्तर धोक्यासाठी फार कामाचं आहे: ०.३२ च्या वर चांगलं, ०.१९ ते ०.३२ मधलं, ०.१९ च्या खाली वाईट. १३ भागिले ५८ केलं तर ०.२२ येतं, १३ भागिले ७० केलं तर ०.१९ च्याही जरा खाली. एका चुकीच्या बेरजेने पेशंट वाईट गटातून मधल्या गटात आली. कर्णिका २७ आहे, आणि २६ च्या वरचा आकडा स्वतंत्रपणेही वाईट. पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीच्या पिशवीत) पाणी आहे का, ते रिपोर्टमध्ये आलंच नाही. ते विचारा.

पुढच्या वेळी इको करणाऱ्याला चिठ्ठी द्या: टीआरची रेघ दोन-तीन खिडक्यांतून घ्या, सर्वांत जास्त पण स्वच्छ कड असलेली धरा, धूसर पिसारा मोजू नका. टॅप्सी घेताना एम-मोडची रेघ ट्रायकस्पिडच्या बाहेरच्या कड्याच्या हालचालीला समांतर हवी, तिरकी पडली की आकडा कमी येतो. कर्णिका झडप उघडायच्या आधीच्या फ्रेमवर मोजा. आणि आयव्हीसीचा आकडा व आकसणं दोन्ही लिहा.

चालता_बोलता

फिजिओथेरपिस्ट आहे. ३३० मीटर कुठे चालवलंत? कॉरिडॉर किती लांब? १५ मीटरचा असेल तर वळणं दुप्पट होतात आणि अंतर घटतं. ३० मीटर सपाट जागा हवी, दर ३ मीटरला खूण, दोन्ही टोकांना कोन. दवाखान्यात नसेल तर शाळेचा व्हरांडा चालतो. एप्रिल-मे मध्ये सकाळी ८ च्या आत उरका, दुपारच्या उन्हात आलेल्या आकड्याला अर्थ नाही.

आधी १० मिनिटं खुर्चीत बसवा. बरोबर किंवा पुढे चालू नका, तुमचा वेग तिचा होतो. दर मिनिटाला फक्त ठरलेलं वाक्य, पहिल्या मिनिटाला ‘छान चालताय, अजून पाच मिनिटं’. थांबली तर थांबू द्या, घड्याळ थांबवू नका. मीटरबरोबर सर्वांत खाली गेलेलं ऑक्सिजन, नाडी आणि बोर्ग स्केलवरचा (दम किती ते पेशंटने सांगायची मोजपट्टी) दम लिहा. नेलपॉलिश पुसा, हात गार असतील तर चोळून गरम करा. छातीत दुखलं, झोकांड्या जाऊ लागल्या, चेहरा पांढरा पडला किंवा ऑक्सिजन ८० च्या खाली गेलं की चाचणी बंद. पहिल्यांदाच चालत असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा घ्या आणि मोठा आकडा धरा, कारण दुसऱ्या वेळी सवयीने अंतर वाढतं.

आणि हिमोग्लोबिन ९.४ सोडून देऊ नका. त्यानेही मीटर घटतात. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (शरीरातल्या लोहाच्या तपासण्या) बघाच.

केजकर_डॉ

कॉरिडॉर १५ मीटरचाच. क्लास मी फाइलमध्ये २ लिहिला होता, कारण ती ‘बरंय की, कामं व्हायलीत’ म्हणाली.

बिंदुसरा

‘दम लागतो का’ असं विचारलं की ‘नाही’ येतंच, कारण दम लागणारं काम तिने सोडलेलं असतं. कामाचं नाव घेऊन विचारा. माळवदावर वाळवण घालायला कोण जातं? पाण्याची घागर कोण उचलतं? कणीक मळताना मध्ये थांबावं लागतं का? दिवाळीला काय करत होती आणि आता काय करत नाही? अंघोळ, वेणीफणी, घरातल्या घरात चालणं यानेच दम लागला तर क्लास ३. बसल्या जागी लागला किंवा कोणतीच हालचाल दम लागल्याशिवाय जमत नसेल तर ४.

दुसरं, तपासणीच्या आधी टॉर्सेमाइड घेतलं होतं का? एसटीच्या प्रवासात लघवीची सोय नसते, म्हणून बाया आदल्या दिवसापासून गोळी बंद ठेवतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पाणी साठलं की आयव्हीसी फुगते, कर्णिका फुगते, एनटी-प्रोबीएनपी वर जातं. त्यांना गोळी बंद करायला नको, वेळ पुढे ढकलायला सांगा: घरी पोचल्यावर दुपारी घ्यायची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन लिहायचं.

रक्त दर वेळी एकाच लॅबमध्ये. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी वेगळे आहेत, एकाचे आकडे दुसऱ्याच्या रकान्यात घालू नका (बीएनपीच्या सीमा ५०, २०० आणि ८००). किडनी बिघडली, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय) आलं किंवा वय वाढलं तर आकडा वर जातो, लठ्ठपणात खाली राहतो. तुमचं क्रिएटिनिन आणि ऱ्हिदम ठीक आहे, म्हणून गोळीचा प्रश्न महत्त्वाचा. बीपी ११० च्या खाली आणि नाडी ९६ च्या वर हेही रिव्हील लाइट २ या दुसऱ्या गुणपद्धतीत धोक्याकडे झुकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. या सीमा आर्टेरियल हायपरटेन्शनच्या पेशंटांवर ठरवलेल्या आहेत. माइट्रल स्टेनोसिसमध्ये आधी झडप बघायची. सीओपीडी आणि टीबीनंतरच्या फुप्फुसात ऑक्सिजन, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) आणि मूळ आजार. तिथे ४१० मीटरचे ३३० झाले तर ती घसरण खरी असते, पण ‘पायरी ३’ असं लेबल लावता येत नाही. इकोवर ‘पीएच’ दिसलं म्हणून सिल्डेनाफिल सुरू करणं तर अजिबात नको. आणि दम लागण्याचं कारण सापडत नसेल तर व्ही/क्यू स्कॅन राहू देऊ नका, जुन्या गुठळ्यांचा आजार ऑपरेशनने बरा होऊ शकतो.

केजकर_डॉ

तीन दिवस गोळी बंद होती, मोकळेपणाने विचारल्यावर कबूल केलं. आठ दिवस नियमित दिली, वजन अडीच किलो उतरलं. मग सगळं पुन्हा केलं.

एनटी-प्रोबीएनपी ७९०. शाळेच्या ३० मीटर व्हरांड्यात सकाळी ३५२ मीटर. आयव्हीसी २० मिमी, निम्म्याहून कमी आकसते. टीआर ३.७, टॅप्सी १३, कर्णिका २५, पेरिकार्डियममध्ये अगदी किंचित पाणी. माळवदाचं विचारलं तर म्हणाली, ‘संक्रांतीपासून वर गेलेच नाही.’ अंघोळीनंतर पाच मिनिटं बसावं लागतं.

प्रतिध्वनी

आता ५५ + ८ = ६३. १३ भागिले ६३ म्हणजे ०.२१. वाईट गटातून मधल्या गटात, पण टॅप्सी १७ चा १३ झालाय तो तसाच आहे. तो पाण्यामुळे नव्हता.

बिंदुसरा

३ + २ + ३, पुन्हा ८. गोळीची चूक काढून टाकल्यावरही पायरी तिसरीच, म्हणून आता ही घसरण खरी धरा आणि तीन महिने थांबू नका. एकट्या सिल्डेनाफिलवर ठेवण्याची ही स्थिती नाही. दुसऱ्या गटाचं औषध जोडायचं की प्रोस्टासायक्लिनकडे जायचं, हे पीएच बघणारे डॉक्टर ठरवतील, आणि कॅथेटरायझेशन पुन्हा लागलं तर तेही. दुसऱ्या गटातलं बोसेन्टान किंवा अँब्रिसेन्टान सुचवलं तर आधी गर्भधारणा चाचणी, लिव्हर, हिमोग्लोबिन आणि खात्रीचं गर्भनिरोधन, ते पुढेही चालू. बोसेन्टानवर लिव्हर दर महिन्याला. रिओसिग्वाट हे औषध सिल्डेनाफिलबरोबर कधीच नाही.

घरात कुणा म्हाताऱ्यांची सॉर्बिट्रेट असते. छातीत दुखलं म्हणून ती हिच्या जिभेखाली ठेवली तर सिल्डेनाफिलमुळे बीपी कोसळेल. हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने मराठीत लिहा.

पाठवताना जुना कॅथेटरायझेशनचा रिपोर्ट, दोन्ही तारखांचे आकडे शेजारी-शेजारी, वजनाची वही आणि इकोच्या क्लिप पेनड्राइव्हवर द्या. नुसता छापील पीएएसपी पाठवलात तर तिकडेही कुणीतरी ‘सुधारला’ लिहील. जाईपर्यंत चक्कर येऊन पडली, बीपी ९० च्या खाली गेलं किंवा पायांची सूज दोन-तीन दिवसांत गुडघ्यापर्यंत चढली तर चालवून बघत बसू नका, त्याच दिवशी रवाना करा.

केजकर_डॉ

सोमवारी पाठवतोय. फेरिटिन ९ आलं आहे, लोहाचं कसं द्यायचं तेही चिठ्ठीत विचारतो.